वाडीवर प्रथमोपचार शिकवायचे असतील, तर आधी चार तासांचा विचार करा

प्रश्न असा आहे. कोल्हापुरातली दहा-बारा मुलंमुली दर पावसाळ्यात पन्हाळ्यावरून मसाई पठारमार्गे पावनखिंडीपर्यंत चालत जातात आणि वाटेतल्या एका धनगरवाड्यावर मुक्काम करतात. गेल्या जुलैत त्यांच्या डोळ्यांदेखत तिथली एक आजी निसरड्या अंगणात पडली. खुब्यापाशी हाड मोडलं. तिला उचलायचं कसं, पाय बांधायचा कसा, खाली नेताना काय बघायचं, हे ना वाडीत कुणाला ठाऊक होतं ना या मुलांना. आता त्यांना वाड्यांवर जाऊन प्रथमोपचार शिकवायचे आहेत. ते विचारतात, आमच्यात एकही डॉक्टर नाही, तरी हे करावं का? किती दिवसांचं शिबिर घ्यावं, काय शिकवावं, पेटीत काय ठेवावं?

करावं. डॉक्टर नाही म्हणून अजिबात अडू नका. मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होते आणि गेली एकोणीस वर्षं शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या पट्ट्यातल्या वाड्यांवर सुट्टीच्या दिवशी हेच शिकवत आले. या कामातले माझे सगळ्यात चांगले सोबती डॉक्टर नव्हते. एक वायरमन होता, एक शाळामास्तर, एक भाजीचं दुकान चालवणारी बाई. पण शहरात शिकलेला प्रथमोपचार जसाच्या तसा वर नेलात, तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त होईल. ते मी स्वतः करून बसले आहे, म्हणून आधी तेच सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत आम्ही वाड्यांवरच्या वीस-पंचवीस जणांना गाडीभाडं देऊन कोल्हापुरात बोलवायचो. हॉल, पडद्यावर चित्रं, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. त्या एका दिवसात रक्तस्राव, भाजणं, बुडणं, सर्पदंश, फिट, सगळं उरकायचो. रक्तस्रावात आवळपट्टा कसा बांधायचा ते शिकवलं आणि पुढच्याच तासाला सर्पदंश घेतला. तिथे ‘बांधू नका’ असं सांगितलंही होतं. चार महिन्यांनी एका वाडीवर गवत कापताना बाईला घोणस चावली. आमच्याकडूनच शिकून गेलेल्या मुलानं तिच्या पोटरीवर काठी घालून पीळ देऊन पट्टा आवळला. पट्टा बांधायचा एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं होतं, कशाला बांधायचा ते पुसलं गेलं होतं. रुग्णालयात पट्टा सोडेपर्यंत अडीच तास गेले होते. बाई वाचली, पण पायाचं मांस सडलं, दोन बोटं गेली. तो मुलगा पुढे कधी आमच्या शिबिराला आला नाही. चूक त्याची नव्हती. एका दिवसात बारा गोष्टी कोंबणाऱ्या आम्हा शिकवणाऱ्यांची होती.

तेव्हापासून आम्ही दोन नियम पाळतो. शिकवायचं ते वाडीवरच जाऊन, आणि एका खेपेला चारपेक्षा जास्त गोष्टी शिकवायच्या नाहीत.

आता मुख्य मुद्दा. शहरात प्रथमोपचार म्हणजे ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची दहा-वीस मिनिटं. जगभर ढोबळ रेघ अशी मानतात की दवाखान्याची मदत एका तासाहून लांब असेल, तर तो दुर्गम भागातला प्रथमोपचार. आपल्याकडच्या वाड्यांचा हिशोब मांडून बघा. वाडीपासून डांबरीपर्यंत तास-दीड तास पायवाट. पावसात ओढ्याला पाणी असेल तर ते उतरायची वाट बघणं आलं. मग जीप, मग प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, आणि तिथून बऱ्याचदा कोल्हापूर. चार तास धरून चाला. या चार तासांत पेशंट बदलत जातो. तो गारठतो, त्याला तहान लागते, लघवी होते, तो घाबरतो. पट्टी बांधली तेव्हा बरोबर होती, पण खालची सूज वाढली की तीच पट्टी फास होते. पुस्तकातलं चित्र पट्टी बांधून संपतं. वाडीवर खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

म्हणून आमच्या शिबिरात पहिल्या दिवशी पट्टी नसते. आम्ही एका धडधाकट माणसाला घोंगड्यावर झोपवतो आणि वाडीतल्या बायकांना सांगतो की हा चार तास तुमच्या ताब्यात. दर अर्ध्या तासानं एकीनं उठायचं आणि सहा गोष्टी बघायच्या: हाक मारल्यावर नीट बोलतो का, मिनिटाला श्वास किती, नाडी कशी, पट्टीच्या खालची बोटं कोमट आणि लालसर आहेत का, अंग ओलं आहे का, पाणी आणि लघवी. कागदावर वेळ टाकून लिहायचं. लिहिता येत नसेल तर शाळेतलं पोर शेजारी बसवायचं. नखावर दाबून सोडलं की दोन सेकंदांत लाली परत यायला हवी. हे बायकांना लगेच जमतं, कारण दुभत्या म्हशीवर नजर ठेवायची त्यांना सवय असते. बारीकसा बदल त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्या नजरेला आपण फक्त वेळ आणि कागद जोडायचा.

बायका म्हणाले ते मुद्दाम. पहिली काही वर्षं आम्ही जवान मुलं निवडायचो, चपळ आणि शिकलेली. दिवाळीनंतर परत गेलं की त्यातला एकही वाडीवर नसायचा. कुणी मुंबईला, कुणी गोकुळ शिरगावच्या कारखान्यात, कुणी ऊसतोडीला. वाडीवर रात्री-अपरात्री कोण असतं? बायका, म्हातारी माणसं आणि आठवी-नववीतली पोरं. त्यांना शिकवा. वेळही त्यांचीच धरा. सकाळी जनावरं सोडून झाल्यावर आणि संध्याकाळी धारा काढून झाल्यावर. रोपलावणीच्या दिवसांत जाऊ नका. मे महिन्याचा मध्य सगळ्यात चांगला. पावसाआधी शिकलेलं लगेच उपयोगी पडतं आणि चाकरमानी पोरंही सुट्टीला आलेली असतात, म्हणजे डोली उचलायला खांदे मिळतात.

पहिल्या खेपेच्या चार गोष्टी आमच्या ठरलेल्या आहेत: पान लागणं, गारठणं, उचलून नेणं आणि वाहतं रक्त.

पान लागणं म्हणजे सर्पदंश, आपल्या भागात सापाचं नाव घेत नाहीत. हा शब्द तुम्ही आपलासा करा, पण फोनवर मात्र ‘साप चावला’ असंच म्हणायचं, हेही शिकवा. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यातली. सरकारनं २०२४ मध्ये यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. ते साधायचं तर अशा वाड्यांपासूनच सुरुवात करावी लागेल.

करायचं ते अगदी थोडं आहे. धीर द्या, चालू देऊ नका, अंगठी, जोडवी, बांगड्या, पैंजण काढा, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा कांबीला, म्हणजे सरळ काठीला किंवा फळीला, सैल बांधून स्थिर करा आणि निघा. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळायचं नाही. साप मारून आणायची गरज नाही. प्रतिसर्पविष एकच असतं आणि ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. लक्षणं आणि रक्त साखळण्याची तपासणी बघून डॉक्टर ठरवतात. चावल्याची वेळ आणि सुजेची कड पेनानं थेट कातडीवर लिहा. सूज सरकली की नवी रेघ, नवी वेळ. डॉक्टरला त्या रेघांमधून अर्धी गोष्ट कळते.

मण्यारीबद्दल मात्र वेगळा तास घ्या. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखतही नाही. माणूस पहाटे पोटात कळ येते म्हणून उठतो आणि घरचे त्याला ओवा चारतात. आम्ही तीन परीक्षा शिकवतो: वर बघ, जीभ बाहेर काढ, थुंकी गिळ. पावसाळ्यात पहाटे कुणाच्याही पोटात दुखलं की या तीन करायच्या.

एका धनगरवाड्यावर भाद्रपदात पहाटे साडेतीनला सतरा वर्षांच्या मुलाचं पोट दुखायला लागलं. शेजारच्या घरची बाई, चौथी शिकलेली, मे महिन्यात आमच्या शिबिराला बसलेली. तिनं बॅटरी आढ्याकडे धरली आणि म्हणाली, “आढ्याकडं बघ रं.” त्याचे डोळे वर गेले, पापण्या निम्म्यावरच राहिल्या. तिनं दुसरं काही विचारलं नाही. घोंगड्याची डोली, मुलगा कुशीवर, तोंड जमिनीकडे, कारण लाळ गिळता येत नव्हती आणि उताणा ठेवला असता तर ती श्वासनळीत गेली असती. डांबरीवर जीप मिळाली तोवर तो बोलायचा थांबला होता. अर्ध्या वाटेत श्वास लहान झाला, मग थांबल्यासारखा. छातीला कान लावला तर काळीज चालू. तिनं आणि त्याच्या चुलत्यानं आळीपाळीनं तोंडानं श्वास दिला, दर पाच-सहा सेकंदाला एक, छाती वर येते का बघत, रुग्णालयाच्या दारापर्यंत. चाळीस मिनिटं. तिथे नळी घातली, कोल्हापुरात काही दिवस व्हेंटिलेटरवर होता. घरी आला. मण्यारीचं विष श्वासाचे स्नायू लुळे करतं. तेवढा वेळ कुणी त्याच्यासाठी श्वास घेतला, तर माणूस परत येतो. हे एवढं जरी वाडीत रुजलं, तरी तुमचं शिबिर सार्थकी लागलं असं मी मानते.

देवरशाशी भांडू नका. आम्ही त्याला शिबिराच्या पहिल्या रांगेत बसवतो. त्याच्या शब्दावर वाडी चालते, आणि ‘अंगारा लावतो, तोवर डोली बांधा’ एवढं त्यानं म्हटलं तरी पुष्कळ आहे. एका वाडीवर तर आता देवरशीच फोन करायला सांगतो. आणि जमिनीवर झोपू नका, बाज वापरा, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा, हे प्रत्येक खेपेला सांगा.

विंचवाचं थोडक्यात. नुसतं दुखत असेल तर घाबरायचं नाही. पण घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, खोकला किंवा धाप लागली, तर विष काळजावर गेलं, लगेच निघायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीनं लाल विंचवाचे कितीतरी रोगी वाचवता येतात हे दाखवून दिलं. म्हणजे जवळच्या दवाखान्यातही इलाज होऊ शकतो, तिथवर पोहोचणं महत्त्वाचं. गोळी तुम्ही द्यायची नाही.

गारठण्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. कोल्हापुरात बर्फ कुठाय, असं मला तुमच्यासारख्यांनीच विचारलंय. बर्फ लागत नाही. गगनबावड्याचा जुलै, अंगावर भिजलेलं सुती कापड, वारा आणि जखमी होऊन चिखलात पडून राहिलेला माणूस, एवढं पुरतं. आधी कुडकुडतो, मग बोलणं अडखळतं, हातातली वस्तू सुटते, पाय लटपटतात. कुडकुडणं थांबलं आणि माणूस शांत झाला, तर बरा झाला असं समजू नका, तो जास्त बिघडलाय. गारठलेल्याचं रक्तही लवकर गोठत नाही, त्यामुळे जखम असेल तर गारठा दुप्पट वाईट. ओलं काढा, पुसा, खाली पिंजर किंवा वाळलेलं गवत चांगलं हातभर टाका, कारण गारवा जमिनीतूनच जास्त चढतो. वरून घोंगडं, त्यावर प्लास्टिकचा कागद, डोकं झाका. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा. दारू नाही. हातपाय चोळू नका, चुलीला चिकटवून बसवू नका.

घोंगडं! या एका वस्तूसाठी मी धनगरांची आयुष्यभर ऋणी आहे. लोकर ओली झाली तरी ऊब देते, सुती चादर देत नाही. आणि उचलून न्यायलाही त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सात-आठ फुटांचे दोन वेळू घ्या. घोंगडं जमिनीवर पसरा, एका बाजूनं तिसऱ्या हिश्शावर पहिला वेळू ठेवून घडी त्याच्यावरून घ्या. त्या घडीच्या काठाजवळ दुसरा वेळू ठेवा आणि उरलेलं घोंगडं त्याच्यावरून परत फिरवा. गाठ नाही, दोरी नाही, माणसाच्या वजनानंच घडी आवळते. लोकर खरबरीत असल्यानं सरकत नाही. गुळगुळीत ब्लँकेट सरकतं, तिथे दोन घ्यावी लागतात. आधी धडधाकट माणूस झोपवून गुडघ्याइतकंच उचलून बघायचं, मग पेशंट.

वाडीतले म्हातारे एका वेळूची झोळी बांधतात. तीही नीट शिकून घ्या. तापाच्या माणसाला, अशक्त बाईला अरुंद वाटेनं न्यायला ती चांगली. पण झोळीत माणूस वाकतो, म्हणून पाठ, मान, खुबा दुखावलेल्याला आणि उलट्या होणाऱ्याला ती नको.

एका खेपेला सहा खांदे, दहा-पंधरा मिनिटांनी बदल. तासाभराच्या वाटेला अठरा माणसं लागतात. वाडीत अठरा नसतात. म्हणून खालच्या गावातून चढून येणारे आणि वरून उतरणारे कुठे भेटणार ते आधीच ठरलेलं हवं. एकानं फक्त पुढची वाट बघायची, एकानं पेशंटच्या डोक्यापाशी चालत बोलत राहायचं. उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे.

तुमच्या त्या आजीचं काय करायला हवं होतं? खुबा मोडलेल्या माणसाचा पाय आखूड दिसतो आणि बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. ओढून सरळ करत बसायचं नाही. दोन पायांच्या मध्ये घडी घातलेलं लुगडं, गुडघ्याखाली उशी, आणि मोडका पाय चांगल्या पायाला चार ठिकाणी रुंद पट्टीनं बांधायचा, गाठी चांगल्या पायाच्या बाजूला, मोडलेल्या जागेवर एकही नाही. चांगला पाय हीच कांब. चार जणांनी एका हाकेवर उचलून डोलीत ठेवायचं, खाली जाडसर अंथरूण, अंगावर घोंगडं. आणि लघवीची सोय निघण्याआधी. म्हाताऱ्या बायका लाजेनं पाणीच पीत नाहीत आणि वाटेत गळून जातात, हे मी अनेकदा बघितलंय.

रक्ताचं शिक्षण साधं ठेवा. कोयता, खुरपं लागलं की स्वच्छ कापड ठेवून तळहातानं दाबा, अंगाचा भार टाकून, घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. बहुतेक रक्त एवढ्यानं थांबतं. हळद, तंबाखू, चुना, कॉफी भरायची नाही. थांबल्यावर जखम पिण्याच्या पाण्यानं भरपूर धुवायची, लिटरभर तरी. आवळपट्टा आम्ही पहिल्या खेपेला शिकवतच नाही. दुसऱ्या खेपेला, सर्पदंशाचा भाग पक्का झालाय हे तपासून, तेही ‘हातापायातून रक्त उडतंय आणि दाबून थांबत नाही तरच’ हे वाक्य प्रत्येकाकडून म्हणून घेऊन.

आता एका गोष्टीवर माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. शहरातले प्रशिक्षक येतात आणि अर्धा दिवस पुतळ्यावर छाती दाबायला, म्हणजे त्यांच्या भाषेत सीपीआर करायला लावतात. आधी शब्दाचीच अडचण. कोल्हापूरच्या माणसाला सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. ‘सीपीआर द्या’ म्हटलं की वाडीतली माणसं ‘सीपीआरला न्या’ असं ऐकतात. म्हणून आम्ही ‘छातीदाब’ म्हणतो. दुसरं म्हणजे, हृदयविकारानं थांबलेलं हृदय शॉक देणाऱ्या यंत्राशिवाय, दवाखाना चार तास लांब असताना, परत सुरू होण्याची आशा फार थोडी असते. हे लोकांना प्रामाणिकपणे सांगा, नाहीतर ज्याच्या हातात माणूस गेला तो जन्मभर स्वतःला दोष देत राहतो. पण तीन प्रसंगांत जीव ओतून करायचं: बुडालेला, वीज पडलेला आणि मण्यार चावलेला. तिघांतही मूळ अडचण बहुधा श्वासाची असते, म्हणून आधी श्वास, नाडी नसेल तर छातीदाब. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटीमीटर खाली जाईल इतकं, तीस दाबांना दोन श्वास. वीज अनेकांवर एकदम पडली, तर नेहमीच्या उलट करायचं. जो निपचित आहे त्याच्याकडे आधी जायचं, ओरडणारे जगणार आहेत. विजेनं पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसतो ही भीती खोटी आहे, हे ठासून सांगा.

बाकीच्या गोष्टी पुढच्या खेपांना. कुत्रं किंवा कुठलंही जंगली जनावर चावलं, ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि रेबीजची लस त्याच दिवशी. तणनाशक, कीटकनाशक प्यायलेल्याला ओकारी काढायची नाही, डबा सोबत न्यायचा. पाटगावकडे मधासाठी जाणाऱ्यांना आणि दाजीपूरच्या बाजूला गव्याच्या वाटेवर राहणाऱ्यांना त्यांच्या त्यांच्या धोक्यांचं वेगळं सांगावं लागतं. ते तिथल्या माणसांनाच विचारून बसवा. बाळंतपण आशाताईंच्या हातात राहू द्या, त्यांना बोलावून त्यांच्याकडूनच एक तास घ्या.

प्रत्येक वाडीत एक कागद तयार करून शाळेत आणि देवळात लावा. कुठल्या दगडावर उभं राहिलं की रेंज येते. १०८ ची गाडी कुठल्या नावाच्या ठिकाणी येऊ शकते, कारण ती वाडीवर येणार नाही, डांबरीवरच येणार. गाडी लांब असेल तर वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन नेणारी जीप कुणाची, रात्री उठणारा ड्रायव्हर कोण. प्रतिसर्पविष आणि रात्री डॉक्टर दोन्ही असतात असं सगळ्यात जवळचं ठिकाण कोणतं. हे शेवटचं तुम्ही स्वतः जाऊन, विचारून, दर पावसाळ्याआधी नव्यानं लिहायचं. एकदा जुन्या कागदावर विसंबून आमच्या माणसांनी पेशंट अशा ठिकाणी नेला जिथे त्या महिन्यात औषध संपलेलं होतं आणि तासभर वाया गेला.

पेटी लहान ठेवा. सहा इंची क्रेप बँडेज चार, गॉज, चिकटपट्टी, हातमोजे, साबणाची वडी, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, श्वास देताना तोंडावर धरायचा प्लास्टिकचा पडदा, प्लास्टिकचा मोठा कागद, शिट्टी, पेन, कागद, बॅटरी आणि तिचे सेल वेगळ्या पिशवीत, नाहीतर गळून खराब होतात. कापूस नको, जखमेला चिकटतो. गोळ्या आणि इंजेक्शनं अजिबात नकोत. त्रिकोणी पट्ट्या विकत घेऊ नका, जुन्या लुगड्याच्या फाडून वाडीतच करा, म्हणजे संपल्यावर पुन्हा करता येतात. पेटी बचत गटातल्या एका बाईच्या घरी, किल्ली न लावता.

तुमच्या स्वतःच्या तयारीबद्दल. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचार वर्ग सगळ्यांनी करा. त्यानंतर दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा सोळा तासांचा, दोन दिवसांचा वर्ग असतो, तो निम्म्यांनी तरी. दोघांनी सत्तर-ऐंशी तासांचा मोठा करावा. तुम्ही काय शिकवणार हे लिहून एका डॉक्टरकडून तपासून घ्या. कायद्याची भीती बाळगू नका. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाचं संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीनं मिळालंय, आणि भल्यासाठी सद्‌भावनेनं केलेल्या कृतीचं तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमात आहे. पण संमती विचारा, बाईला हात लावताना बाई असू द्या, आणि शिकलात त्याच्या पलीकडे जाऊ नका.

शिबिर किती दिवसांचं? दोन संध्याकाळी आणि एक सकाळ. मग दिवाळीनंतर एक मुक्काम, पुन्हा मे महिन्यात एक. हाताची सवय तीन ते सहा महिन्यांत विरते, म्हणून एकदा शिकवून पुढची वाडी धरण्यापेक्षा तीन वाड्या पाच वर्षं धरा. दिवाळीनंतरच्या मुक्कामी काही शिकवायचं नाही. रात्री जेवणं झाल्यावर तुमच्यातल्या एकानं पोट धरून झोपायचं आणि कुणी आढ्याकडे बघायला सांगतं का, ते बघायचं.

सुरुवात त्याच आजीच्या वाडीपासून करा. ती आता चालत नसली, तरी तिच्या अंथरुणापाशी बसा आणि खाली नेताना कुठल्या वळणावर जास्त दुखलं, कधी थंडी वाजली, काय मागायची लाज वाटली, ते तिला विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. पहिल्या संध्याकाळी वाडीला तेच वाचून दाखवा.